घर क्रमांक सात

परवा मंडईतून कैऱ्या आणल्या. देठ मोडताना चीक बोटांना लागला आणि त्याचा तो उग्र वास दिवसभर हाताला राहिला. खिडकीबाहेर सोनमोहोराच्या पिवळ्या पाकळ्या वाऱ्याबरोबर पार्किंगमध्ये गोल फिरत होत्या. समोरच्या अभ्यासिकेतली मुलं चहाच्या टपरीपाशी उभी राहून एकमेकांना काहीतरी पाठ म्हणून दाखवत होती. मी एकतीस वर्षं एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काढली, त्यामुळे एप्रिल लागला हे मला कॅलेंडर न बघता कळतं. निवृत्त होऊनही या महिन्यात मी सकाळी अर्धा तास लवकर उठते.

त्याच संध्याकाळी, निनाद, तुझा टोरांटोहून फोन आला. नीतिशास्त्राच्या तासाला एक कोडं घातलं होतं म्हणालास. ब्रेक निकामी झालेला रेल्वेचा डबा सुटला आहे, पुढे रुळांवर पाच माणसं आहेत. खटका ओढला तर डबा दुसऱ्या रुळावर जाईल. तिथे एकच माणूस आहे. वर्गातल्या बहुतेकांनी हात वर केले, खटका ओढू म्हणून. मग सरांनी विचारलं, तो एक माणूस तुमच्या घरचा असला तर? तेव्हा म्हणे सगळे हसले आणि हात खाली आले. "आजी, तू काय करशील?" असं तू विचारलंस. मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला.

गॅसवर दूध नव्हतं.

मीरा, तू मागच्या खेपेला मेलबर्नहून आलीस तेव्हा पॅसेजमधल्या वस्तूवर पर्स ठेवायचीस. चपलांच्या कपाटाशेजारी, निळ्या चौकड्यांच्या कापडाची खोळ घातलेली ती वस्तू. शाळेच्या गणवेशाचं कापड वाटतं, हे तू बरोबर ओळखलंस. ते काय आहे हे विचारलंस तेव्हा मी "जुनं मशीन" एवढंच सांगितलं. ते हवेतून ऑक्सिजन गोळा करणारं यंत्र आहे. आज ते बंद आहे, पण एप्रिलच्या दुपारी, पंखासुद्धा थकल्यासारखा फिरतो तेव्हा, मला त्याचा आवाज ऐकू येतो. एकसुरी घुरघुर, आणि दर काही सेकंदांनी एक उसासा.

साथीचा तो दुसरा उन्हाळा तुम्ही तिकडून पाहिलात. इथे रस्ते मोकळे होते, म्हणून रुग्णवाहिकेचा आवाज फार लांबून यायला लागायचा आणि फार लांबपर्यंत जात राहायचा. पोळी लाटताना मी थांबायचे. तो आपल्या गल्लीत वळला नाही हे कळलं की पुन्हा लाटणं सुरू. घराघरांतून ओव्याच्या वाफाऱ्याचा वास. औषधाच्या दुकानासमोर खडूने आखलेली वर्तुळं, आणि उन्हात त्या वर्तुळांत चपला ठेवून स्वतः सावलीत उभी राहिलेली माणसं.

आपल्या सोसायटीने दोन यंत्रं घेतली होती. हॉस्पिटलात खाट मिळेपर्यंत ज्याला घरी थांबावं लागेल त्याच्यासाठी. आपल्याच इमारतीत असं नाही, पुण्यात कुठेही. ते काम दोघा मुलांनी अंगावर घेतलं. सानिया, बी विंगमधली, बावीस वर्षांची, संख्याशास्त्र शिकणारी. तिच्या वडिलांचं रविवार पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. आणि ओमकार, तिच्याहून वर्षाने लहान, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या ऊसवाल्या घरातला. शिकायला सोपं म्हणून वडिलांनी त्याला इथे फ्लॅट घेऊन दिलेला. पार्किंगमध्ये कॅरमचं टेबल मांडून दोघं दोन टोकांना बसायची. फोन वाजत राहायचे. पाच-सहा घरं मागतात आणि यंत्रं दोन.

पहिल्या आठवड्यातच त्यांचं वाजलं. ओमकारचं म्हणणं, ज्याचा फोन आधी त्याला आधी. सानिया म्हणे, मग बोटं भरभर चालणारा जगेल आणि ज्याला धाप लागलीय तो रांगेत मरेल. ज्याचा ऑक्सिजनचा आकडा सगळ्यात खाली, त्याला द्यायचं. ओमकार म्हणाला, आकडा काय, कुणीपण खोटा सांगंल. असं दोन तास चाललं. मला तो गोंधळ सहन होईना. मी गॅलरीतून खाली गेले आणि म्हटलं, तुम्ही दोघांनी देव व्हायची गरज नाही, नियम करा.

नियम आपल्या इमारतीतल्या डॉक्टरबाईंनी सांगितला, वहीत मी लिहिला. सगळ्यात खालचा आकडा आधी. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याचं ते सकाळ-संध्याकाळ अर्धा तास काढून आकडा घ्यायचा. लागोपाठ दोनदा त्र्याण्णव किंवा त्याच्या वर आला, की यंत्र पुढच्या घरी. वहीत नावं लिहायची नाहीत, घर क्रमांक एक, घर क्रमांक दोन एवढंच. पत्ते ओमकारच्या मोबाइलमध्ये. आकडा चुकला तर खाडाखोड करायची नाही. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. वर बरोबर आकडा, शेजारी सही आणि तारीख. परीक्षा विभागात गुण बदलायची हीच रीत होती. मुलांनी माना डोलावल्या. खांबावर मी एक पाटीही लावली: "ओळख सांगू नये. ऑक्सिजन सांगावा." येणारी-जाणारी माणसं हसायची. मलाही तेव्हा ती पाटी आवडली होती.

दोन दिवसांनी ओमकारच्या सख्ख्या काकांसाठी मांजरीहून फोन आला. काकांचा आकडा ब्याण्णव, रांगेत एक घर अठ्ठ्याऐंशीचं. ओमकार टेबलापासून उठून पाण्याच्या टाकीपर्यंत गेला, परत आला, आणि यंत्र स्कूटरवर बांधून अठ्ठ्याऐंशीच्या घरी घेऊन गेला. काका पुढे हॉस्पिटलातून नीट घरी आले, पण वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. त्या दिवशी मी त्याला वरून म्हटलं होतं, शाब्बास. किती सहज म्हटलं होतं.

मग तुमच्या आजोबांना ताप आला.

त्यांचं सगळं तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. रोज व्हिडिओवर दिसायचे, नाकाला नळी, तरी चेष्टा करणारे. मला जे दिसायचं ते फोनमध्ये मावत नव्हतं. चौऱ्याऐंशी आकडा आला त्या दुपारी त्यांच्या ओठांचा रंग जांभळ्या शाईसारखा झाला होता. खाट कुठेच नव्हती. रांगेत तेच सगळ्यात खाली होते, म्हणून यंत्र आमच्याकडे आलं. यात कुणाची मेहेरबानी नव्हती. वहीत ते घर क्रमांक सात. ओमकारने संसर्ग नको म्हणून रेनकोट घालून यंत्र दाराशी ठेवलं आणि बेल वाजवून जिना उतरला.

पाच दिवस मी त्या घुरघुरीच्या तालावर जगले. सकाळी आठला आणि संध्याकाळी साडेपाचला नळी काढायची. ती अर्ध्या तासाची वेळ आजोबांना सोसायची नाही. ते माझं मनगट धरून बसायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. आठला काढली की साडेआठला, साडेपाचला काढली की सहाला मी गॅलरीत जाऊन आकडा खाली सांगायचे, इंग्रजीत, कारण पन्नासच्या पुढचे मराठी आकडे हल्लीच्या मुलांना कळत नाहीत अशी माझी खात्री होती. सानिया मान वर करायची, आकडा परत म्हणायची आणि वहीत लिहायची. चौऱ्याऐंशीचे पंच्याऐंशी झाले, मग एकोणनव्वद, मग एक्याण्णव. पाचव्या दिवशी सकाळी त्र्याण्णव.

त्या दिवशी दुपारी मी गॅलरीत टॉवेल वाळत घालत होते. खाली दोघं हळू आवाजात बोलत होती, आणि हळू बोललेलंच वर जास्त स्पष्ट येतं. येरवड्याहून फोन आला होता. वैशाली नावाची बाई, चौतीस वर्षांची, घरी शाळांचे गणवेश शिवते, दोन मुली. आकडा शहाऐंशी आणि उतरतोय. दुसरं यंत्र जिथे होतं तिथला आकडा त्याहून वाईट. म्हणजे राहिलं घर क्रमांक सात.

सानिया सांगत होती की संध्याकाळपर्यंत थांबायचंच कशाला. सकाळी त्र्याण्णव आलेच आहेत. आजोबा एकोणऐंशीचे, ती चौतीसची. पुढे किती वर्षं, मागे किती माणसं, हे सगळं तिने कागदावर मांडलं होतं. कागद मला वरून दिसत होता. दोन रकाने, मध्ये सरळ रेघ.

ओमकार म्हणाला, "तुझं गणित बरोबर हाय. पण चालू माणसाच्या नाकातली नळी काढून दुसऱ्याला लावायची, हे माझ्याच्यानं व्हायचं नाय. नाय दिली ती गोष्ट येगळी. काढून घेनं येगळं."

"त्या ताईला दोन्ही सारखंच आहे," सानिया म्हणाली.

शेवटी दोघांचं ठरलं की नियम आहे, सहापर्यंत थांबू. ती मुलं आजोबांच्या जिवाबद्दल बोलत होती आणि मला त्यांचा राग येत नव्हता. आला असता तर बरं झालं असतं. दोघांचंही बरोबर आहे हे मला चिमटा हातात धरून उभी असताना दिसत होतं. टॉवेल कठड्यावरून खाली पडला. मी तो आणायला गेले नाही.

साडेपाचला नळी काढली. आजोबांनी मनगट धरलं. खाली पाण्याचा टँकर आला होता, त्याची मोटार धडधडत होती. सहाला बोटाला चिमटीचं ते छोटं यंत्र लावलं. आकडा हलला, एक्याण्णव, ब्याण्णव, आणि थांबला. आजोबांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते नेहमी मोठ्यानेच बोलत. नियम-बियम त्यांना काही माहीत नव्हतं. ते निकाल लागल्यासारखे ओरडले, "त्र्याण्णव! अगं, गणितात इतके मला उभ्या आयुष्यात पडले नव्हते." आणि मनगट न सोडता म्हणाले, "आता लाव परत. भीती वाटते."

मी मनगट सोडवून गॅलरीत गेले. सानिया मान वर करून उभी होती. तिच्यामागे खांबावर माझी पाटी.

मी म्हटलं, "नाइन्टी."

ती क्षणभर तशीच बघत राहिली. मग "नाइन्टी," असं म्हणाली आणि वहीत लिहिलं. मी आत येऊन नळी लावली. यंत्राने उसासा टाकला. आजोबांनी डोळे मिटले.

निनाद, तुझ्या त्या कोड्यातल्या खटक्याला एक गोष्ट नसते. त्याला धरणाऱ्याचं मनगट दुसऱ्या कुणी धरलेलं नसतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. एकतीस वर्षं मी पालकांना, पुढाऱ्यांच्या माणसांना, एकदा तर आमच्याच प्राचार्यांना सांगितलं होतं की इथे गुण बदलत नाहीत. आणि मी तो आकडा बदलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मला पुढे त्याचंच जास्त आश्चर्य वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौऱ्याण्णव आले. मी चौऱ्याण्णव सांगितले. वहीप्रमाणे पाहिलं तर आदल्या संध्याकाळचे नव्वद आणि हे चौऱ्याण्णव, म्हणजे लागोपाठ दोनदा झालेलं नव्हतं, यंत्र अजून आमचंच. पण मीच खाली ओरडून सांगितलं, घेऊन जा. ओमकार रेनकोट घालून वर आला. या खेपेला तो दाराशी थांबला नाही, आत आला. मी नळी गुंडाळायला लागले तर माझ्या बोटांना ते जमेना. तो म्हणाला, "आजी, सोडा. मी करतो." ज्याच्याच्याने व्हायचं नव्हतं त्यानेच ते केलं, नळीला पीळ पडू न देता, एक एक वेढा. आजोबा पलंगावरून बघत होते.

"परत आणशील ना रे?"

"लागलं तर लगेच आणतो, आजोबा. स्कूटर खालीच हाय."

लागलं नाही. पुढची तीन वर्षं त्यांनी रोज सकाळी पेपरातलं कोडं सोडवलं, कैरीच्या डाळीत मीठ कमी आहे म्हणाले, आणि गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात झोपेत गेले. त्यांना यातलं काहीच कधी कळलं नाही.

वैशालीला यंत्र मिळालं तेव्हा तिचा आकडा ब्याऐंशीवर आला होता. ती रात्र तिने शिलाई मशीनवर उशी ठेवून, त्यावर डोकं टेकून काढली. मुली आळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. हे ओमकारने टेबलापाशी सानियाला सांगितलं, मी वरून ऐकलं. तिसऱ्या दिवशी तिला खाट मिळाली. महिन्याने ती घरी आली. मी डॉक्टरबाईंना एकदा, कुणा दुसऱ्याचं विचारावं तसं विचारलं, की चौदा तासांनी किती फरक पडतो. त्या म्हणाल्या, पडतो किंवा पडत नाही, कुणीच सांगू शकणार नाही.

दिवाळीच्या आधी ती आपल्याकडे आली. साथ ओसरली होती, दोन्ही यंत्रं तोपर्यंत कुणालाच नको होती आणि एक आमच्या पॅसेजमध्ये ठेवलं होतं. ओमकारकडून पत्ता घेऊन आली. लिफ्ट दुरुस्तीला होती. आपला दुसरा मजला, जिन्याला चार वळणं. मी दार उघडून उभी होते आणि तिची पावलं ऐकत होते. पहिल्या वळणावर ती थांबली. दुसऱ्यावर थांबली. तिसऱ्यावर इतका वेळ थांबली की मी दोन पायऱ्या खाली उतरले. वर आली तेव्हा हसत होती, बोलता येत नव्हतं म्हणून हातानेच थांबा म्हणाली. मग पिशवीतून ही खोळ काढली. गणवेशाच्या उरलेल्या कापडाची, कोपरे बरोबर यंत्राच्या मापाचे, नळीसाठी मागे काज केलेलं. म्हणाली, "धूळ बसू नये त्याच्यावर. आणखी कुनाला लागंल."

मी तिला सरबत दिलं. आजोबा आतून बाहेर आले आणि दोघं आपापले आकडे एकमेकांना सांगत बसली, एकाच परीक्षेला बसलेल्या मुलांसारखी. मी स्वयंपाकघरात उभी होते. सांगायला हवं होतं. मी तिला डब्यात चकल्या भरून दिल्या.

अजूनही कुणी जिना चढताना मध्येच थांबलं, कुरिअरवाला का असेना, की मी हातातलं काम थांबवते.

तुझा फोन ठेवल्यावर, निनाद, मी माळ्यावरून ती वही उतरवली. तुला खरं उत्तर द्यायचं तर आकडा तरी डोळ्यांनी बघावा म्हणून. पानांना वाफाऱ्याच्या औषधाचा वास अजून आहे. घर क्रमांक सात. सकाळ, ९३. संध्याकाळ, ९०. सानियाचं गोल अक्षर. आणि त्या नव्वदच्या शेजारी, समासात, पेन्सिलीने काढलेलं एक लहानसं प्रश्नचिन्ह. इतकं फिकट, की मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

मी खाली बसले. मग सानियाला फोन केला. ती आता बाणेरला नोकरी करते, लग्न ठरलंय. इकडचं तिकडचं न बोलता मी विचारलं की ते प्रश्नचिन्ह तिचं का.

"हो," ती म्हणाली. मागे ऑफिसातले आवाज होते; ती उठून कुठेतरी शांत जागी गेली असावी. "आजोबा ओरडले तेव्हा टँकरची मोटार नुकती बंद झाली होती, आजी."

"तुला त्र्याण्णव कळतात?"

"अब्बा दुकानात सगळं मराठीतच मोजतात."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"दुपारी मीच ओमकारला कागद मांडून दाखवला होता. मला वाटलं होतं मी सहज सांगू शकेन. मग वर बघितलं तर तुम्ही. मला तो आकडा तोंडातून काढताच येईना. मी ओमकारलाही सांगितलं नाही, अजून सांगितलेलं नाही." मग जरा थांबून, नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाली, "खरं सांगू का, मला वाटलं सकाळपर्यंत तुम्हीच दुरुस्त कराल. आमच्या सगळ्यांच्या चुका तुम्हीच दुरुस्त करायचात."

मी समासातल्या त्या खुणेवर बोट ठेवलं.

"मी ती रात्र झोपले नाही," ती म्हणाली. "येरवड्याला दर दोन तासांनी मीच फोन करत होते, आकडा विचारायला."

इतकी वर्षं ते चौदा तास फक्त माझे आहेत असं मी धरून चालले होते. बावीस वर्षांच्या एका मुलीच्या हातात मी ते देऊन आत निघून गेले होते, आणि तिने ते एवढ्या फिकट पेन्सिलीने समासात ठेवले, मला पुसता यावेत किंवा वाचता यावेत म्हणून. तरुण मुलं माणसांच्या जिवाचा हिशेब कसा मांडतात याबद्दल इकडे-तिकडे बरंच बोललं जातं. त्यांना सगळं खेळातल्यासारखं वाटतं, असंही म्हणतात. मी पाहिलेल्या दोघांनी तो हिशेब मोठ्याने मांडला, एकमेकांना खोडून काढला, आणि वेळ आली तेव्हा एकाने जे होणार नाही म्हणाला ते केलं आणि दुसरीला जे सोपं वाटत होतं ते जमलं नाही. मोठ्याने काही न मांडणारी तिथे मी एकटीच होते.

मी सानियाला सांगितलं की रविवारी मी येरवड्याला जाणार आहे. तिने विचारलं, मी येऊ का बरोबर. मी नको म्हटलं, मग ये म्हटलं. ओमकारला मी स्वतः सांगेन. वैशाली ऐकून काय म्हणेल, मला माहीत नाही. तिने दार लावून घेतलं तर ते तिचं बरोबर असेल. जे होईल ते तुम्हा दोघांना कळवीन. दूध उतू जाणार नाही.

आज सकाळी टेबलावर वही उघडली. पेन्सिलीला हात लावला नाही, ती तशीच राहू दे. निळ्या शाईचं पेन घेतलं. नव्वदवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर ९३ लिहिलं. शेजारी सही केली. तारखेपाशी हात थांबला. त्या पानावर सगळ्या तारखा त्या एप्रिलच्या होत्या आणि तिथे तशीच एक घातली असती तर कुणाला कळलंही नसतं.

मी आजची घातली.